गोहलपूरची दुसरी चावी

अनसूया : आधी हे सांगा, खव्याची जलेबी काहून आणली?

तुळशीराम : खायला.

अनसूया : खायला ते समजलं. पण आज ना सण, ना कोणाचा वाढदिवस. तुम्ही न सांगता जलेबी आणली की मागून काही तरी निघते. माझ्या बाबांनी दिलेली सायकल विकून आले होते, त्या दिवशी पण जलेबीच होती.

तुळशीराम : सायकल विकली नव्हती. माकडानं नेली. मदन महालच्या टेकडीवर उभी केली, मी दोन मिनिटं सावलीत बसलो, तर हे माकड सीटवर. अन् उतारावरून जी निघाली, थेट स्टेशनपर्यंत घंटी वाजवत.

बेबीताई : दादा, माकडाचे पाय पायडलपर्यंत नाही पोहोचत.

तुळशीराम : उतारावर पायडल लागत नाही, बेबे.

अनसूया : पाहा बेबीताई. मी जलेबीचं विचारलं, तर मधात माकड आलं. यांचं हे असंच आहे.

बेबीताई : वहिनी, तू सीधं विचार ना. मी काही बोलत नाही, मी तर सगी बहीण. मी मेथी निवडते.

अनसूया : तुम्हीच तर सांगायला आल्या. मेथी तर बहाणा. विचारा तुम्हीच, मी ऐकते.

बेबीताई : चलो, मीच विचारते. दादा, रविवारचा तुमचा तो क्लास, रिटायर होणाऱ्यांचा, तो दहाला सुटते. आमचे हे सव्वादहाला घरी येऊन पोहे मागतात. एकाच फॅक्टरीतले, एकाच क्लासमधले. मग तू दीड वाजता घरी कसा येतो? अन् तेही कडक इस्त्रीचा शर्ट घालून?

तुळशीराम : शालिग्राम मधातच उठून येतो. पूर्ण क्लास त्यानं केलाच कुठं. भूक लागली की त्याला ज्ञान चढत नाही.

बेबीताई : ते मधात उठत नाहीत. ते सगळं ऐकतात अन् घरी येऊन सगळं सांगतात. म्हणून तर मी आली.

अनसूया : या क्लासमध्ये होते तरी काय, ते मले अजून समजलं नाही. पेन्शनचं शिकवतात म्हटलं होतं तुम्ही.

तुळशीराम : पेन्शनचं एकच दिवस होतं. मग ते तिवारी सर आले. ते म्हणे, पैशाचं तुम्हाला ऑफिस सांगेल, मी जगण्याचं सांगतो. पहिल्याच दिवशी विचारलं, आपके जीवन के मूल्य क्या हैं. तर आपला नीलकंठ उठला. त्याला वाटलं भाव विचारून राहिले. म्हणे, सर, जो बाजार में चल रहा है वही लगा लो.

बेबीताई : हे खरं आहे वहिनी. आमच्या ह्यांनी पण सांगितलं.

अनसूया : बरं, पुढे.

तुळशीराम : मग सरांनी समजावलं. म्हणे, असं समजा, तुमच्याजवळून एक एक गोष्ट काढून घेऊन राहिले. पहिले फॅक्टरी काढली. मग क्वार्टर काढलं. मग साहेबाचा सलाम काढला, कँटीनचा चहा काढला. काढत काढत अशी कोणती गोष्ट येते, की ती काढली तर मागं जो उरते तो तुळशीराम नसतो? ती गोष्ट म्हणजे तुमचं मूल्य. अन् रिटायर झाल्यावर त्या गोष्टीच्या दिशेनं चालत राहायचं, ते तुमचं ध्येय.

अनसूया : मोठं अवघड विचारते तो माणूस.

तुळशीराम : अवघड काय, लोकांनी फटाफट उत्तरं दिली. कोणी म्हणे ईमानदारी, कोणी म्हणे सेवा, कोणी म्हणे परिवार. शाळेच्या भिंतीवर लिहितात ना, तसलं. मी गप्प बसलो.

अनसूया : तुम्ही अन् गप्प?

बेबीताई : हौ वहिनी. हे म्हणाले, दोन-तीन रविवार तुळशीराम कोपऱ्यात बसला, कोणाला एक किस्सा नाही सांगितला. सगळ्यांना वाटलं तब्येत खराब आहे. अन् गेल्या रविवारी एकदम उभा राहिला अन् काय म्हणाला, सांग दादा. मी सांगितलं तर म्हणशील बेबीनं मीठ-मिरची लावली.

तुळशीराम : काय म्हणालो? मी तर बरंच काही म्हणालो.

बेबीताई : म्हणाला, सर, हमको नया संसार बसाना है.

अनसूया : ऐकलं? ही गोष्ट आहे. नवा संसार.

तुळशीराम : अगं, ते हिंदीत म्हटलं होतं. हिंदीत संसार म्हणजे दुनिया. सगळं जग. सूर्य, चंद्र, सगळे आले त्यात.

अनसूया : सूर्य-चंद्र कोणी बसवत नाही. ते बसलेलेच आहेत.

बेबीताई : सही बात. "देखना है" असतं तर मी शब्द नसती बोलली. "बसाना है" म्हणालास तू. बसवतात ते घर.

अनसूया : लग्न करून आली तेव्हापासून हिंदीत राहून राहिली मी. काटोलहून आली होती तेव्हा भाजीवालीले "काहून" विचारायची तर ती हसायची. आता तिच्याशी हिंदीत भांडते. मले नका शिकवू. हिंदीतला संसार आभाळाएवढा असते अन् मराठीतला चुलीएवढा. तुम्ही कोणता म्हणाले?

तुळशीराम : क्लास हिंदीत होता.

अनसूया : क्लास हिंदीत होता. तुम्ही कशात होते?

तुळशीराम : तू वकील व्हायला पाहिजे होती. ओमतीच्या चौकात एका पानवाल्याजवळ पोपट होता, तोही असाच उलटा सवाल करायचा. एकदा एक चोर पान खायला आला, तर पोपट म्हणे, सुपारी तुझी की...

अनसूया : माकड झालं, आता पोपट. बेबीताई, तुम्ही बंडूचं सांगा.

तुळशीराम : बंडूचं काय?

बेबीताई : आमच्या ह्यांचा भाचा बंडू. गोहलपूरला त्याचं सलवार-सूट शिवायचं कारखाना-दुकान आहे ना, त्या गल्लीत त्यानं तुला पाहिलं. एका खोलीचं कुलूप उघडत होता. हातात स्टो.

तुळशीराम : तो मी नसेन. माझ्यासारखा दिसणारा एक माणूस आहे तिकडे. एकदा आम्ही दोघं समोरासमोर आलो, तर मीच त्याला नमस्कार करून विचारलं, तुळशीराम, कसा आहेस?

अनसूया : त्याच्याजवळ आपल्या पोराच्या, चंदूच्या लग्नाची पिशवी होती का?

तुळशीराम : कोणती पिशवी?

अनसूया : आहेरात वाटल्या होत्या त्या. लाल. त्यावर छापलं आहे, आपले विनीत, तुळशीराम अन् सौ. अनसूया. बंडूनं वाचलं. तुमच्यासारखा दिसणारा माणूस माझं नाव घेऊन कशाले फिरते गोहलपूरला?

तुळशीराम : ...बरं.

बेबीताई : "बरं" मतलब?

तुळशीराम : बरं म्हणजे घेतली आहे. खोली. भाड्यानं. पावसाळा संपला तेव्हा घेतली.

बेबीताई : हे राम.

अनसूया : कोणासाठी?

तुळशीराम : अगं, राहण्यासाठी.

अनसूया : मी कशासाठी नाही विचारलं. कोणासाठी विचारलं.

तुळशीराम : सांगतो, पण मधात बोलू नका. क्वार्टर सोडावं लागणार आहे की नाही? फॅक्टरीतून निघालो की काही दिवसांनी हे घर दुसऱ्याचं. मग आपण कुठं जाणार?

अनसूया : पुण्याले. चंदूकडे. ठरलेलं आहे. त्यानं आपल्यासाठी खोली रंगवली, तुम्ही तर फोनवर रंग पण सांगितला.

तुळशीराम : मी मोतिया सांगितला. पण तुला कोणी विचारलं का, की तुळशीराम पुण्यात काय करील?

अनसूया : जे सगळे करतात. नातवाले शाळेत सोडा, बागेत फिरा, चारचौघांत बसा, गोष्टी सांगा.

तुळशीराम : तेच. गोष्टी सांगा. मागच्या दिवाळीत सांगितली ना मी. चंदूच्या शेजारी ते मोहनराव राहतात, त्यांना. भेडाघाटची. की तरुणपणी नर्मदेत नावेत बसून संगमरवराच्या मधातून जात होतो, उंच उंच पांढऱ्या भिंती, अन् मी हिंदीत हाक मारली, कोई है क्या? तर आवाज परतच नाही आला. आम्ही घरी आलो. अन् तिसऱ्या दिवशी मी अंगणात दात घासून राहिलो, तर प्रतिध्वनी आला. अन् तोही मराठीत.

बेबीताई : ह्याहून तर माकड बरं होतं.

तुळशीराम : हेच. हेच पाहिजे मला. तुला ठाऊक आहे मोहनराव काय म्हणाले? म्हणे, असं का? संगमरवराचा काही गुणधर्म असेल. अन् त्यांच्या पोराला हाक मारून म्हणे, इकडे ये, काका काय माहिती सांगतात ऐक.

अनसूया : मग? चांगलंच बोलले.

तुळशीराम : माहिती म्हणाले, अनसूये. माझ्या गोष्टीला माहिती. त्या रात्री मला झोप आली नाही. अगं, ज्याला नर्मदा कुठून वाहते ते ठाऊक नाही, तो काय म्हणेल तुळशीराम फेकून राहिला? खोटं ओळखायला खरं माहीत असावं लागते. इथं मी चौकात सांगतो, की खमरियात बॉम्बची टेस्टिंग झाली की आमच्या म्हशी दुधाऐवजी ताक द्यायच्या, तर चहावाला लगेच म्हणते, चाचा, फिर मक्खन किसके घर गया? याला म्हणतात गाव. जिथं माझ्यावर कोणी शकच करत नाही, तिथं मी बोलू कोणाशी? भिंतीशी?

अनसूया : म्हणजे तुम्हाले पुण्याले जायचं नाही.

तुळशीराम : सरांनी माझ्याजवळून एक एक गोष्ट काढली ना, मी मनातल्या मनात काढत गेलो. फॅक्टरी काढली, मी होतो. क्वार्टर काढलं, तरी होतो. मग ही काढली, तुझी भुवई. तू अशी वर करते ना, मी बोलायला लागलो की. ती काढली तर मागं कोणी उरलंच नाही. मग मी उभा राहिलो. म्हटलं, सर, मेरा मूल्य है, शक.

बेबीताई : शक?

तुळशीराम : सर म्हणे, शक तो दुर्गुण है तुळशीरामजी. मी म्हटलं, सर, असेल. माझ्या घरी लग्नापासून शक आहे, म्हणून घर आहे. बायको माझ्या एकाही गोष्टीवर विश्वास ठेवत नाही, पण गोष्ट संपल्याशिवाय उठून पण जात नाही.

अनसूया : असं बोलून आले तुम्ही? साऱ्या लोकांत? बायको शक करते म्हणून?

तुळशीराम : तारीफ केली मी.

अनसूया : भाऊजी तिथं बसले होते. नीलकंठभाऊ होते. उद्या त्यांच्या बायका मले कुठं तोंड दाखवू देतील?

बेबीताई : नाही वहिनी, तेवढं आमच्या ह्यांनी नाही सांगितलं. ते फक्त संसारावरच अडकले.

तुळशीराम : कारण पोह्यांच्या वासानं त्याचे कान बंद होतात. नया संसार मी त्याच्यानंतर म्हणालो. सरांनी विचारलं, मग ध्येय काय? मी म्हटलं, इसी शहर में, इसी औरत के साथ, नया संसार बसाना है.

अनसूया : इसी औरत म्हणजे?

तुळशीराम : इसी म्हणजे तू. दुसरी कोणती मला तोंडावर खोटा म्हणेल?

अनसूया : हे तर म्हशीच्या ताकाच्या वर गेलं.

बेबीताई : वहिनी, पिघलू नको. हा लहानपणी माझा लाडू खायचा अन् मलाच रडून दाखवायचा की चिमणीनं नेला.

तुळशीराम : चिमणीनंच नेला होता.

अनसूया : मी नाही पिघलत. मले एक सांगा. संसार म्हणता, अन् ज्या बाईसोबत करायचा तिले एका शब्दानं विचारलं नाही. तुमचं मूल्य तुम्ही शोधलं, ध्येय तुम्ही ठरवलं, खोली तुम्ही घेतली. माझं काय? चंदूले हो मी म्हटलं आहे. सूनबाईले मसाले काय काय आणू ते मी विचारलं आहे.

तुळशीराम : विचारलं असतं तर तू चंदूचं नाव घेतलं असतं. मग मी काय बोललो असतो?

अनसूया : काही तरी खरं.

तुळशीराम : म्हणून तर मी आधी खोली सजवून राहिलो होतो. सजवून एकदम दाखवणार होतो.

अनसूया : काय सजवलं?

तुळशीराम : एक चटई आहे. एक स्टो. दोन कप. एक देवाचं कॅलेंडर आहे, ते जुन्या भाडेकरूचं. अन् एक गाळणी.

अनसूया : गाळणी?

तुळशीराम : हौ. अन् हीच एक गोष्ट मला समजून नाही राहिली. हे ऐक. गाळणी मी नाही आणली.

बेबीताई : मग कोणी आणली?

तुळशीराम : तेच तर. मी गेल्या रविवारी कुलूप उघडलं, तर खिडकीजवळच्या खिळ्याला गाळणी. चहाची. नवी. खिळा तर आधीपासून होता, पण गाळणी नव्हती. कुलूप जसंच्या तसं. खिडकी आतून बंद. मी घरमालकाला विचारलं, तो म्हणे मुझे क्या पता. मी तीन वेळा हात लावून पाहिला. गाळणीच.

बेबीताई : वहिनी. ऐकून राहिली ना?

तुळशीराम : मी कसम खाऊन सांगतो. आपोआप आली.

बेबीताई : गाळणी आपोआप नाही येत, दादा. गाळणी बाई आणते.

तुळशीराम : बेबे, आयुष्यात पहिल्यांदा मी काही न जोडता सांगून राहिलो, अन्...

बेबीताई : म्हणूनच पकडला गेलास. खोटं बोलायची तुला प्रॅक्टिस आहे, खरं तोंडातून निसटलं. वहिनी, कुलूप होतं, खिडकी बंद होती, अन् गाळणी आत आली. मतलब जिनं आणली तिच्याजवळ चावी आहे. दादा, चाव्या किती?

तुळशीराम : दोन.

बेबीताई : एक तुझ्याजवळ.

तुळशीराम : एक माझ्याजवळ. दुसरी इथं आहे, घरात. तिच्यासाठीच ठेवली. साबुदाण्याच्या डब्यात टाकून ठेवली. म्हटलं एकादशी आली की डबा उघडेल, चावी सापडेल, मग ती विचारेल ही कायची चावी, अन् मग मी सांगीन. मला काही सांगायचं असलं की कोणी विचारल्याशिवाय सुरुवातच येत नाही.

बेबीताई : एकादशी तर झाली.

तुळशीराम : झाली. हिनं काही विचारलंच नाही. मला वाटलं उपास नसेल केला.

बेबीताई : वहिनी कधी एकादशी सोडते? मी पाहते डबा. कोणता, हा पिवळा? वहिनी, परात दे.

अनसूया : असू द्या बेबीताई.

बेबीताई : असू कसं द्या. ह्यानं सांगितलं आहे, पाहून घेऊ. हे ओतलं. पाहा. साबुदाणा आहे. खाली पण साबुदाणाच आहे. एक लवंग आहे. चावी कुठं आहे, दादा?

तुळशीराम : याच डब्यात टाकली होती. माझ्या हातानं.

बेबीताई : आता म्हण माकडानं नेली.

तुळशीराम : खरंच टाकली होती, बेबे. अनसूये, तू तरी सांग, मी कधी तुझ्या डब्यांना हात लावतो का? त्या दिवशी लावला होता, तू म्हणाली पण होती की शेंगदाणे का खाऊन राहिले.

बेबीताई : हिसाब साफ आहे. दुसरी चावी ज्या बाईजवळ आहे, तिनंच गाळणी आणली. बंडूला फोन लावते. आत्ताच्या आत्ता आम्ही सगळे गोहलपूरला जाऊ. आमचे हे पण येतील.

अनसूया : कोणी कुठं जाणार नाही.

बेबीताई : वहिनी, तू अशी कशी. मी तुझ्या जागी असती तर...

अनसूया : तुम्ही माझ्या जागी नाही ना. मेथी झाली निवडून? अर्धी घेऊन जा. भाऊजी घरी वाट पाहत असतील. आमचं आम्ही पाहून घेतो.

बेबीताई : मेथी नको मला. पण मी सांगून ठेवते, दादावर विश्वास ठेवू नको. आपल्या आईनं पण नाही ठेवला. चलो, येते. अन् संध्याकाळी मला फोन कर, काय निघालं ते.

(बेबीताई जाते. बाहेरचं फाटक लागल्याचा आवाज.)

तुळशीराम : हे चांगलं आहे. साऱ्या जन्मात खोटं बोललो तर गरम गरम वाढलं. आज खरं बोललो तर परातीत साबुदाणा. मी तुला सांगतो, त्या डब्यात...

अनसूया : जलेबी द्या इकडे. गार होऊन राहिली.

तुळशीराम : तुला माझ्यावर विश्वास नाही.

अनसूया : तुमच्यावर काहून ठेवू विश्वास? तुम्ही माझ्या एकादश्या मोजता अन् माझ्याच डब्यात चाव्या लपवता. एकादशीच्या आदल्या दिवशी मी साबुदाणा भिजवाले काढला, तर हाताले लोखंड लागलं. मले वाटलं खडा आहे. पाहिलं तर चावी.

तुळशीराम : तुला सापडली होती?

अनसूया : मग कोणाले सापडेल? डबा माझा.

तुळशीराम : मग विचारलं काहून नाही?

अनसूया : विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं? मगरीच्या पोटातून निघाली म्हणाले असते. मी म्हटलं थांबू. रविवारी तुम्ही क्लासले निघाले, मी तुमच्या मागं निघाली. क्लास सुटला तेव्हा मी समोरच्या झाडाखाली उभी होती. तुम्ही ऑटोत बसले, मी मागच्या ऑटोत. ऑटोवाला म्हणे, दीदी, पुलिस में हो क्या?

तुळशीराम : तू खरं सांगून राहिली का हे?

अनसूया : तुमच्यासारखं नाही. मी गल्लीच्या तोंडाले उभी राहिली. तुम्ही आत गेले, निघाले, घरी आले. दुसऱ्या दिवशी तुम्ही ड्यूटीवर गेल्यावर मी एकटी गेली. चावी कुलुपात घातली. मनात म्हटलं, अनसूये, दार उघडलं अन् आत कोणी असलं तर तू काय बोलशील? मराठीत बोलशील का हिंदीत?

तुळशीराम : मग?

अनसूया : कोणी नव्हतं. चटई होती, स्टो होता, दोन कप होते. मी सगळं पाहिलं. मग चटईवर बसली अन् म्हटलं, नाही, बाई नाही. बाई असती तर गाळणी असती.

तुळशीराम : अरे बापरे.

अनसूया : दोन कप आणले तुम्ही, अन् चहा गाळायचा कायनं? बनियननं? तेव्हा समजलं की हा धंदा एकट्या माणसाचा आहे.

तुळशीराम : म्हणजे ती गाळणी...

अनसूया : कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतली. तो जास्त सांगून राहिला होता, मी भांडली.

तुळशीराम : अन् मी आठ दिवस झोपलो नाही. मला वाटलं मागच्या भाडेकरूची आई आहे, भिंतीत राहते.

अनसूया : ते तुमच्या चौकात सांगा.

तुळशीराम : तर मग आज ही सगळी चौकशी काहून? बेबीसमोर मला उभं केलं. तुला तर सगळं माहीत होतं.

अनसूया : खोलीचं माहीत होतं. खोली कशासाठी ते नव्हतं माहीत. मले पाहायचं होतं, तुम्ही स्वतःच्या तोंडानं किती खरं सांगता. वेळ लागला, पण सांगितलं. गाळणीचं सांगितलं तेव्हा तर हसू लपवाले मले खाली पाहावं लागलं.

तुळशीराम : पुण्याचं काय मग? मसाल्याचं? तू तर हो म्हटलं आहे.

अनसूया : म्हटलं होतं. त्या वेळी मले वाटलं तुम्हाले जायचं आहे. तुम्ही रंग सांगितला ना मोतिया. अन् मले असं पण वाटलं, जन्मभर या हिंदीत राहिली, आता म्हातारपणी तरी आपल्या मराठीत राहीन. दुकानात मराठी, दवाखान्यात मराठी. मागच्या दिवाळीत गेली तर सूनबाईच्या मैत्रिणी आल्या होत्या. मी म्हटलं, बसा ना, काहून उभ्या राहून राहिल्या. तर एकीनं दुसरीले हळूच विचारलं, हिच्या सासूबाई हिंदी आहेत का?

तुळशीराम : हे तू मला नाही सांगितलं.

अनसूया : काय सांगायचं? वाईट मनानं नाही विचारलं तिनं. चांगली पोरगी आहे, मले बसवून चहा पाजला. पण इथं एवढे वर्षं मी मराठीवाली. गल्लीत कोणालेही विचारा, मराठीवाली आंटी कुठं राहते, पोरगं माझ्या दारापर्यंत आणून सोडते. अन् तिथं गेली तर हिंदी झाली. मग मी चूप बसाले शिकली. महिनाभर मोजून मोजून बोलली.

तुळशीराम : तू अन् चूप?

अनसूया : तुम्ही कोपऱ्यात बसले होते तसं.

तुळशीराम : तर तुझं मूल्य काय मग? सरांनी विचारलं तर काय सांगशील?

अनसूया : तुमचे सर मले नका सांगू. मी चटईवर बसली होती ना त्या दिवशी, तर मले आनंद झाला. मग मी स्वतःलेच विचारलं, हा आनंद कायचा आहे? बाई नाही याचा, का खोली आहे याचा?

तुळशीराम : कायचा होता?

अनसूया : खोलीचा. बाईचं तर मले आधीच माहीत होतं, तुम्हाले कोण पाहते.

तुळशीराम : चंदूला कोण सांगेल?

अनसूया : मी. तुम्ही सांगितलं तर त्याले वाटेल फेकून राहिले, अन् तो रंग वाळवत बसेल. त्याले वाईट वाटेल, ते मी पाहीन. सुट्टीत पोराले घेऊन ये म्हणीन. आपण पण थंडीत जाऊ, पण परतीचं तिकीट काढून. मोतिया रंग वाया नाही जात.

तुळशीराम : अन् बेबीला? संध्याकाळी तिला फोन करायचा आहे.

अनसूया : बेबीताईले काही नका सांगू. करू द्या थोडे दिवस शक. तुमच्यासाठीच करते बिचारी.

तुळशीराम : आता तू माझ्यासारखी व्हायला लागली.

अनसूया : जलेबी घ्या. एक राहिली आहे. ...ऐका. त्या प्रतिध्वनीचं. तिसऱ्या दिवशी अंगणात मराठीत काय आलं होतं? तुम्ही ते कधी सांगतच नाही.

तुळशीराम : आजपर्यंत कोणी विचारलंच नाही. खरं सांगू?

अनसूया : खरं राहू द्या. जसं सांगून राहिले होते, तसंच सांगा.